हिवाळी ऑलिम्पिकमधला भारताचा छोटा संघ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर चार वर्षांनी हिवाळी ऑलिम्पिकचं उद्घाटन सुरू होतं, संचलनात भारताचं नाव पुकारलं जातं आणि तिरंग्यामागे एक, दोन, फार तर चार खेळाडू दिसतात. मग ओळखीतले लोक तेच तेच प्रश्न विचारतात. मी बरीच वर्षं हा संघ मनापासून पाहत आलो आहे, म्हणून त्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. हिशेब १९६४ ते २०२२ एवढ्या काळाचा आहे.

भारत हिवाळी ऑलिम्पिकमध्ये खेळतो? कधीपासून?

हो, १९६४ पासून. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला झालेल्या त्या स्पर्धेत जेरेमी बुयाकोव्स्की हे एकटे भारतातर्फे अल्पाइन स्कीइंगमध्ये, म्हणजे उतारावरच्या वेगवान स्कीइंगमध्ये उतरले. ते जन्माने पोलिश होते. १९६८ ला फ्रान्समधल्या ग्रनोबलमध्येही भारताचा संघ म्हणजे तेच एकटे. त्यानंतर वीस वर्षं कोणीच गेलं नाही.

१९८८ ला कॅनडातल्या कॅलगरीला तिघं गेली: गुल देव, किशोर रत्न राय आणि शैलजा कुमार. १९९२ ला लाल चुनी आणि नानक चंद ठाकूर. १९९४ ला कोणी नाही. १९९८ पासून २०२२ पर्यंत मात्र एकही स्पर्धा चुकलेली नाही.

एकूण किती भारतीय खेळले?

सोळा. अकरा स्पर्धा, अठ्ठावन्न वर्षं आणि सोळा माणसं. पहिल्यांदा बोटांवर मोजलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून नावं लिहून काढली. वर आलेल्या सहा जणांनंतर शिवा केशवन, नेहा आहुजा, हिरा लाल, बहादुर गुप्ता, जम्यांग नामग्याल, ताशी लुंडुप, हिमांशू ठाकूर, नदीम इक्बाल, जगदीश सिंग आणि आरिफ खान. यादी संपली. एका क्रिकेट संघाला राखीव खेळाडू जोडले तरी एवढी माणसं होतात.

या सोळांत स्त्रिया दोनच आहेत, १९८८ च्या शैलजा कुमार आणि २००६ च्या नेहा आहुजा. दोघीही अल्पाइन स्कीइंगच्या. शैलजा कुमार यांनी कॅलगरीला स्लालममध्ये, म्हणजे उतारावर काठ्या रोवून आखलेल्या ‘गेटां’मधून नागमोडी उतरण्याच्या प्रकारात, शर्यत पूर्ण करून २८ वा क्रमांक मिळवला. हिवाळी ऑलिम्पिक खेळणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री, आणि तरी आपल्याकडे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतही त्यांचं नाव क्वचितच सापडतं.

पदक किती?

एकही नाही. हा प्रश्न नेहमी सगळ्यात आधी येतो. मी मुद्दाम आधी माणसांची नावं दिली, कारण ‘शून्य’ ऐकलं की लोक पुढचं ऐकत नाहीत.

शिवा केशवन यांचं नाव सारखं येतं. त्यांनी नेमकं काय केलं?

सहा ऑलिम्पिक खेळले. १९९८ चं नागानो, २००२ चं सॉल्ट लेक सिटी, २००६ चं तुरीन, २०१० चं व्हँकूव्हर, २०१४ चं सोची आणि २०१८ चं प्योंगचांग. पहिल्या दोन वेळी तर भारताचा संघ म्हणजे केवळ केशवन.

त्यांचा खेळ ल्यूज. एका छोट्या घसरगाडीवर पाठीवर आडवं पडायचं, पाय पुढे, डोकं मागे, आणि बर्फाच्या वळणदार नळीतून खाली सुटायचं. गाडीला ब्रेक नाही, सुकाणू नाही. पोटऱ्यांनी गाडीच्या पुढच्या टोकांवर दाब द्यायचा आणि खांद्याचा भार किंचित इकडेतिकडे करायचा, एवढ्यावर दिशा बदलते. वेग ताशी १३० किलोमीटरच्या पुढे जातो आणि वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजतात. वळणावर डोकं उचलून पाहिलं तर वारा अडतो आणि वेळ जातो. म्हणून खेळाडू ट्रॅक पाठ करतो आणि बराचसा अंगाच्या जाणिवेवर उतरतो.

आता हे लक्षात घ्या की भारतात ल्यूजचा एकही बर्फाचा ट्रॅक नाही. केशवन मनालीचे, वडील केरळचे, आई इटालियन. शाळेत असताना आंतरराष्ट्रीय ल्यूज महासंघाच्या शिबिरात त्यांची निवड झाली आणि सोळाव्या वर्षी ते नागानोला ऑलिम्पिक खेळले. तिथे २८ वे आले. पुढे सराव कुठे करायचा? घसरगाडीला चाकं लावून हिमालयातल्या डांबरी रस्त्यांवर. समोरून ट्रक, वाटेत मेंढ्यांचा कळप, आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवा पडलेला माणूस. त्याची चित्रफीत आजही इंटरनेटवर सापडते, ती पाहाच.

इटलीच्या संघाने त्यांना आपल्याकडून खेळायला बोलावलं होतं. तिथे ट्रॅक, प्रशिक्षक, गाड्या, सगळं आयतं मिळालं असतं. त्यांनी नाही म्हटलं. ऑलिम्पिकमधला त्यांचा सर्वांत वरचा क्रमांक २००६ चा, २५ वा. आशियाई ल्यूज स्पर्धांत मात्र त्यांनी सुवर्णपदकं जिंकली. २०१८ नंतर ते निवृत्त झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला २०२० मध्ये. पहिल्या ऑलिम्पिकनंतर बावीस वर्षांनी. हा उशीर मला आजही टोचतो.

ल्यूज खरंच इतका धोकादायक आहे?

आहे. १२ फेब्रुवारी २०१० ला, व्हँकूव्हरच्या उद्घाटनाच्याच दिवशी, जॉर्जियाचा नोदार कुमारिताश्विली सरावात ट्रॅकबाहेर फेकला जाऊन मरण पावला. त्यानंतर पुरुषांची सुरुवात खालच्या जागेवर नेण्यात आली. केशवन त्याच ट्रॅकवर खेळले आणि २९ वे आले. चार वर्षांनी सोचीत सरावात केशवन स्वतः वळणावर गाडीवरून निसटले. गाडी धावत होती, ते बर्फावर घसरत होते. त्यांनी हात न सोडता पुन्हा गाडीवर अंग टाकलं आणि खाली पोचले. जगभर ते दृश्य फिरलं. पाहणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण ल्यूज जाणणाऱ्यांना माहीत होतं की हात सुटला असता तर काय झालं असतं.

सोचीला भारतीय खेळाडू तिरंग्याशिवाय का चालले?

या प्रश्नाचं उत्तर देताना अजून राग येतो. डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने भारतीय ऑलिम्पिक संघटनेला निलंबित केलं. कारण निवडणुकीचं: सरकारी हस्तक्षेप आणि आरोप असलेले लोक पदावर येणं. भांडण पदाधिकाऱ्यांचं होतं, पण ७ फेब्रुवारी २०१४ च्या उद्घाटनाला केशवन, हिमांशू ठाकूर आणि नदीम इक्बाल यांना ऑलिम्पिकच्या पाच वर्तुळांच्या झेंड्याखाली चालावं लागलं. केशवन यांची शर्यत ८ आणि ९ फेब्रुवारीला होती, म्हणजे ती पूर्ण स्पर्धा ते देशाच्या झेंड्याविना खेळले.

९ तारखेला भारतात नव्याने निवडणूक झाली आणि ११ तारखेला निलंबन उठलं. स्पर्धा चालू असताना एखाद्या देशाचं निलंबन मागे घेतलं जाण्याची ती ऑलिम्पिकच्या इतिहासातली पहिलीच वेळ. क्रीडाग्रामात तिरंगा चढला, नदीम आणि हिमांशू आपल्या झेंड्याखाली खेळले, आणि समारोपाला हिमांशूच्या हातात तिरंगा होता. केशवन यांच्या वाट्याला मात्र त्यांच्या पाचव्या ऑलिम्पिकमध्ये तो आला नाही. पाच स्पर्धांत देशाचं नाव टिकवून धरणाऱ्या माणसाच्या बाबतीत असं व्हायला नको होतं.

२०२२ ला बीजिंगला एकच खेळाडू का गेला? ते आरिफ खान कोण?

कारण पात्रतेची पायरी एकट्या आरिफ खान यांनी गाठली. आरिफ काश्मीरचे. वडिलांचं गुलमर्गला स्कीच्या सामानाचं दुकान, त्यामुळे चालायला लागल्यावर लवकरच पायात स्की आल्या. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेत त्यांनी दोन सुवर्णपदकं जिंकली. २०१८ चं ऑलिम्पिक पैशांअभावी हुकलं. लोकवर्गणीचा प्रयत्न करूनही पुरेशी रक्कम उभी राहिली नाही.

बीजिंगसाठी ते स्लालम आणि जायंट स्लालम (यात गेटं जास्त अंतरावर असतात) अशा दोन प्रकारांत पात्र ठरले. एकाच हिवाळी ऑलिम्पिकच्या दोन प्रकारांसाठी पात्र ठरलेले ते पहिले भारतीय. ऑलिम्पिकच्या तयारीला मदत करणाऱ्या सरकारच्या ‘टॉप्स’ योजनेतून युरोपातल्या सरावासाठी आणि सामानासाठी १७.४६ लाख रुपये मंजूर झाले.

१३ फेब्रुवारीला जायंट स्लालमच्या दिवशी इतकं बर्फ पडत होतं की पुढचं गेट नीट दिसत नव्हतं. जवळजवळ निम्मे खेळाडू शर्यत पुरी करू शकले नाहीत. आरिफ दोन्ही फेऱ्या उतरले आणि ४५ वे आले. तीन दिवसांनी स्लालममध्ये पहिल्याच फेरीत त्यांचं एक गेट चुकलं आणि शर्यत तिथेच संपली.

बीजिंगच्या उद्घाटनावर भारताने बहिष्कार घातला होता ना?

खेळाडूने घातला नव्हता. गलवानच्या चकमकीत असलेल्या चिनी सैन्याधिकाऱ्याला मशालवाहकांमध्ये घेतल्यामुळे भारताच्या राजनैतिक प्रतिनिधींनी उद्घाटन आणि समारोपाला न जाण्याचा निर्णय घेतला, आणि दूरदर्शनने ते दोन्ही सोहळे थेट दाखवले नाहीत. सरकारचा निर्णय समजण्यासारखा होता. आरिफ तिरंगा घेऊन चालले आणि खेळले.

४५ वा, १०३ वा असे क्रमांक येतात. मग जाऊन उपयोग काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, म्हणून सावकाश उत्तर देतो.

पहिली गोष्ट, तिथे कोणी हौस म्हणून जात नाही. अल्पाइन स्कीइंगमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाचे गुण असतात, आणि ते जितके कमी तितकं चांगलं. जिंकणाऱ्याच्या किती मागे राहिलात आणि शर्यतीत किती ताकदीचे खेळाडू होते, यावर गुण ठरतात. बीजिंगच्या वेळी छोट्या देशांच्या खेळाडूसाठी मर्यादा १६० गुणांची होती, तीही पाच शर्यतींच्या सरासरीवर. म्हणजे एखादा चांगला दिवस पुरत नाही. युरोपभर फिरून शर्यतीमागून शर्यत खेळावी लागते, आणि प्रत्येक शर्यतीचा प्रवास, राहणं, स्की घासून मेण लावणारा माणूस, प्रशिक्षक, सगळं खिशातून.

दुसरी गोष्ट, सुटण्याचा क्रम. अल्पाइनमध्ये वरच्या मानांकनाचे खेळाडू आधी सुटतात. सत्तर-ऐंशी जण त्याच गेटांभोवती वळून गेले की तिथे खड्डे पडतात, वळणाची रेघ खोल उखडते. आपला खेळाडू त्यानंतर सुटतो. विजेता ज्या उतारावरून गेला, तो उतार त्याला मिळतच नाही.

तिसरी गोष्ट मला २०१८ च्या प्योंगचांगने शिकवली. क्रॉसकंट्री स्कीइंगची १५ किलोमीटरची शर्यत होती. सपाटी, चढ, उतार सगळं आपल्या दमावर पार करायचं, छाती फुटेल असा खेळ. सैन्यातले जगदीश सिंग त्यात १०३ वे आले. टोंगाचा पीटा ताउफातोफुआ ११४ वा आला. त्याच्या बेटावर बर्फ पडत नाही. सगळ्यात शेवटी मेक्सिकोचा हेरमान माद्राझो आपल्या देशाचा झेंडा धरून आला, तेव्हा पीटाने आणि इतरांनी त्याला खांद्यावर घेतलं. आणि शर्यत जिंकलेला स्वित्झर्लंडचा दारियो कोलोन्या त्याचा हात हातात घ्यायला अंतिम रेषेवर थांबलेला होता. वीस वर्षांपूर्वी नागानोत नॉर्वेचा ब्योर्न डेली असाच केनियाच्या फिलिप बोइटसाठी थांबला होता. ज्यांना त्या वाटेची किंमत ठाऊक आहे ते शेवटच्याला असे भेटतात. आपण घरात बसून ‘१०३ वा’ म्हणून हसतो तेव्हा मला वाईट वाटतं.

आपल्याकडे एवढा हिमालय आहे. मग खेळाडू का तयार होत नाहीत?

हिमालय आहे, उतार नाहीत. म्हणजे शर्यतीचे उतार. गुलमर्गचं भुसभुशीत बर्फ पर्यटकाला स्वर्ग वाटतं, पण शर्यतीला ते चालत नाही. तिथे यंत्राने दाबून, पाणी मारून काचेसारखा टणक केलेला उतार लागतो. मऊ बर्फावर शिकलेला मुलगा युरोपात त्या कडक बर्फावर पहिल्यांदा उभा राहतो तेव्हा त्याच्या स्कीची धार पकडच घेत नाही. उत्तराखंडातल्या औलीचा उतार आंतरराष्ट्रीय महासंघाने मान्य केलेला आहे, पण तिथे पुरेसं बर्फ पडेल याची खात्री नसते.

हवामानाचा फटका आता दरवर्षी जाणवतो. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा २०२० पासून लडाख आणि गुलमर्गला होतात. २०२५ मध्ये गुलमर्गचा टप्पा बर्फ नसल्यामुळे फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ नाही हे वाक्य माझ्या लहानपणी कोणाला खरं वाटलं नसतं.

बंदिस्त रिंकची कथाही अशीच. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेसाठी डेहराडूनला मोठी आइस रिंक बांधली. स्पर्धा झाली आणि रिंक अनेक वर्षं बंद पडून राहिली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२५ उजाडलं. रिंक बांधली तेव्हा जी मुलं आठ वर्षांची होती ती तोवर बावीसची झाली.

मग जे खेळाडू येतात ते कुठून?

बहुतेक दोन वाटांनी. एक म्हणजे मनाली, गुलमर्ग, लडाखची घरं, जिथे बर्फ दारातच असतं. मनालीजवळच्या बुरुआ गावचे हिमांशू ठाकूर आणि त्यांची बहीण आंचल हे त्याचं उदाहरण. आंचलने जानेवारी २०१८ मध्ये तुर्कीतल्या एर्झुरुमला कांस्यपदक जिंकलं, आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक. दुसरी वाट सैन्याची. गुलमर्गला सैन्याची उंच डोंगराळ युद्धाची प्रशिक्षण शाळा आहे, आणि क्रॉसकंट्रीचे आपले बरेच खेळाडू सैन्यातून आले.

आइस हॉकीचा भारतीय संघ असतो का?

असतो, आणि मुलींच्या संघाची गोष्ट तर प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. लडाखमध्ये डिसेंबर-जानेवारीत तळी गोठतात, तेवढे दोन महिने सराव. गोठलेल्या तळ्यावर पाणी ओतून रात्रीत नवा थर धरू द्यायचा आणि सकाळी खेळायचं. २०१६ ला तैवानमधल्या आशियाई स्पर्धेला जायचे पैसे या मुलींनी लोकवर्गणीतून उभे केले. तिथे सामने हरल्या. २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं, तो त्यांचा पहिला विजय. आणि २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनला आशिया चषकात कांस्यपदक. ऑलिम्पिक अजून लांब आहे, पण नऊ वर्षांत पहिल्या प्रवासापासून पदकापर्यंत आलेला हा संघ पाहून माझा ऊर भरून येतो.

भारताला हिवाळी खेळांत कुठेच मोठं यश नाही का?

आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी स्पेशल ऑलिम्पिक हिवाळी स्पर्धा होतात. मार्च २०२५ मध्ये तुरीनला भारतीय संघाने ३३ पदकं जिंकली, त्यात ८ सुवर्ण. ज्या तुरीनमध्ये केशवन २५ वे आले तेच हे शहर. वर्तमानपत्रांत याला चार ओळी मिळाल्या असतील.

महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. इथल्या कोणाचा या खेळांशी संबंध आहे?

आहे, आणि तो चाकांवरून आला. पुण्या-मुंबईत रोलर स्केटिंग जुनं आहे. पुण्याची श्रुती कोतवाल रोलर स्केटिंगवरून बर्फावरच्या स्पीड स्केटिंगला वळली आणि भारतातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरली. या खेळाला ४०० मीटरचा बर्फाचा अंडाकृती ट्रॅक लागतो. भारतात कृत्रिम बर्फाचा तसा ट्रॅक नाही, म्हणून परदेशात राहून सराव करावा लागतो. खेलो इंडियात लेहच्या बर्फावर महाराष्ट्राची मुलं स्केटिंगची पदकं आणतात, तीही बहुतेक चाकांवर तयार झालेली.

बर्फ नसलेल्या मुलखातून स्कीइंगला जाणंही अशक्य नाही. क्रॉसकंट्री स्कीपटू भवानी टी. एन. कर्नाटकातल्या कोडगूची, कॉफीच्या मळ्यांच्या मुलखातली.

निकालात ‘डीएनएफ’ लिहिलेलं असतं, म्हणजे काय?

शर्यत पूर्ण केली नाही. अल्पाइनमध्ये एक गेट चुकून खेळाडू थांबला तरी हेच लिहिलं जातं, आणि ते जगज्जेत्यांच्या नावापुढेही असतं.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे, इनलाइन स्केटिंग करते. तिला बर्फावर जायचं आहे. कुठून सुरुवात करू?

आहे ते स्केटिंग सोडू नका. बाजूला ढकलून पुढे सरकणं, वळणावर पायावर पाय टाकून जाणं, खाली बसून तोल राखणं, हे सगळं बर्फावर कामी येतं. बदलते ती पात्याची धार. चाक घसरत नाही, पातं घसरतं, म्हणून पहिले काही दिवस घोट्यांवर ताण येईल. जिल्ह्याच्या स्केटिंग संघटनेकडे आइस स्केटिंगच्या निवड चाचण्यांची चौकशी करा. मॉलमधल्या बर्फाला सराव समजू नका, ओळख समजा.

स्कीइंग हवं असेल तर मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि गुलमर्गची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था यांचे नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम असतात. जागा लवकर भरतात, हिवाळ्याच्या बऱ्याच आधी अर्ज करा. वयाची अट आधी विचारून घ्या, परीक्षांच्या तारखा पाहा, आणि हातमोज्यांचे दोन जोड द्या. एक जोड पहिल्याच दुपारी भिजतो.